नऊ किलो झाले म्हणून सीट फिरवू नका

वाचकाचे पत्र

आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो. मुलगी अकरा महिन्यांची असून तिचे वजन पावणेनऊ किलो आहे. नणंदेने तिच्या मुलाची कार सीट आम्हाला दिली आहे. ती नऊ वर्षांपूर्वी घेतलेली आहे. मध्यंतरी पाम बीच रस्त्यावर त्यांच्या गाडीला मागून जोरात धडक बसली, डिकीचे दार बदलावे लागले, तेव्हा ही सीट गाडीतच होती. गाडीच्या मागे तोंड करून बसवले की मुलगी रडते आणि तिचे पायही आसनाच्या पाठीला टेकतात. सीटवर ९ ते १८ किलो असे लिहिले आहे, म्हणून आता ती पुढे तोंड करून बसवू, असे मिस्टर म्हणतात. आमच्या गाडीला सुरक्षिततेच्या चाचणीत पाच तारे आहेत, याचाही त्यांना भरवसा वाटतो. सासूबाई म्हणतात, घोडबंदर रस्त्यावर गाडी पळते कुठे, मांडीवरच घ्या. मी अधूनमधून मुलीला घेऊन एकटीच गाडीने ऐरोलीला माहेरी जाते. ती डोळ्यांसमोर राहावी म्हणून सीट पुढे, माझ्या शेजारी लावली तर चालेल का? दिवाळीत नाशिकला जायचे आहे. नेमके काय करावे?

— एक आई, ठाणे

उत्तर

तुमच्या प्रश्नांची थोडक्यात उत्तरे आधी देतो. मुलीला मागच्या आसनावर, गाडीच्या मागे तोंड करूनच बसवा. पुढच्या आसनावर कार सीट लावू नका. गाडी कितीही हळू चालत असली तरी तिला मांडीवर घेऊ नका. नणंदेने दिलेली सीट वापरू नका. त्याची कारणे शेवटी लिहिली आहेत, पण सीट लावण्याबद्दल मधे जे लिहिले आहे, ते तुम्ही जी नवी सीट घ्याल तिलाही लागू आहे. घरात चार जणांची चार मते आहेत आणि प्रत्येकाच्या म्हणण्यामागे मुलीबद्दलची काळजीच आहे, म्हणून प्रत्येकाच्या म्हणण्याचा नीट विचार करू या.

सासूबाईंच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. ती कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर आत बसलेल्या प्रत्येकावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास १४ पट जोर येतो, म्हणजे तुमची पावणेनऊ किलोची मुलगी त्या क्षणी सव्वाशे किलोच्या ओझ्याइतक्या जोराने पुढे खेचली जाईल. एवढे ओझे अचानक हातांवर आले तर ते धडधाकट माणसालाही धरून ठेवता येणार नाही. मांडीवर घेऊन दोघींभोवती मिळून एकच सीट बेल्ट लावणे हे तर आणखी धोक्याचे आहे, कारण मोठ्या माणसाच्या अंगाचा सगळा भार बाळाला त्या पट्ट्यावर दाबतो. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंतचा रस्ता संध्याकाळी मुंगीच्या पावलांनी सरकतो हे खरे, परंतु रात्री उशिरा आणि सुटीच्या दिवशी सकाळी तोच रस्ता मोकळा असतो, उड्डाणपुलावर चढताच गाडी सहज पन्नास-साठचा वेग घेते आणि अवजड वाहनेही त्याच रस्त्याने जात असतात. शिवाय कोंडीत तुमची गाडी उभी असली तरी मागून येणारे वाहन उभे असेलच असे नाही.

पाच ताऱ्यांचा भरवसा रास्त आहे, पण तो कशावर मिळाला हे पाहायला हवे. भारत एनकॅप ही गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी आपल्याकडची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्यात मोठ्या प्रवाशांचे आणि मुलांचे गुण वेगवेगळे मोजतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी एकूण ४९ गुण असतात आणि धडकेच्या चाचणीत १८ महिन्यांच्या व ३ वर्षांच्या मुलाएवढ्या बाहुल्या कार सीटमध्ये बांधून बसवलेल्या असतात. म्हणजे मुलांसाठी मिळालेले तारे हे कार सीटसकट मिळालेले तारे आहेत. सीट नसेल किंवा ती चुकीची लावली असेल, तर त्या ताऱ्यांचा तुमच्या मुलीला फारसा उपयोग नाही.

आता मिस्टरांचा ९ किलोंचा मुद्दा. लेबल वाचणाऱ्या बहुतेक आईवडिलांची याच ठिकाणी गल्लत होते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आर ४४ या जुन्या युरोपीय नियमात सीटचे गट वजनावर ठरवलेले आहेत. ०+ हा गट १३ किलोपर्यंतच्या बाळांसाठी असतो आणि त्यात बाळाचे तोंड गाडीच्या मागे असते. १ हा गट ९ ते १८ किलोपर्यंतचा असतो आणि तुमच्याकडच्या सीटसारख्या, दोन्ही दिशांना लावता येणाऱ्या सीटवर त्या गटात मूल पुढे तोंड करून बसते. ९ ते १३ किलोंच्या दरम्यान दोन्ही गट लागू पडतात. याचा अर्थ इतकाच की ९ किलोंच्या आत पुढे तोंड करणे पूर्ण वर्ज्य आहे. ९ किलो झाले की सीट फिरवा, असा आदेश त्या आकड्यात नाही. त्यानंतर आलेल्या आर १२९ या नियमाने वजनाचा हा घोळ मिटवला. त्यानुसार बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत, वजन कितीही असो, मागे तोंड करूनच बसवणे सक्तीचे आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१८ मध्ये वयाची अट काढून टाकली आणि सीटच्या मागे तोंड करण्याच्या मर्यादेत मूल जोवर बसते, तोवर ते तसेच बसवावे, असा सल्ला दिला. माझेही मत तेच आहे. वाढदिवस झाला किंवा वजनकाट्यावर काटा पुढे सरकला, ही सीट फिरवण्याची कारणे नव्हेत.

यामागचे कारण बाळाच्या शरीराच्या घडणीत आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढे असते; मोठ्या माणसाचे आठव्या हिश्श्याएवढे. हे जड डोके ज्या मानेवर असते तिच्या मणक्यांत अजून बराच भाग कूर्चेचा असतो आणि त्यांना बांधणारे स्नायुबंध सैल असतात. समोरून धडक बसली आणि मूल पुढे तोंड करून बसलेले असेल, तर पट्टे धड धरून ठेवतात, पण डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. मूल मागे तोंड करून बसलेले असेल, तर डोके, मान आणि पाठ एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि जोर सगळीकडे वाटला जातो. पाय टेकतात याची काळजी करू नका. मुले पाय दुमडून, फाकवून किंवा मांडी घालून आरामात बसतात. पायाला इजा झालीच तर ती बहुधा भरून येते, मानेच्या मज्जारज्जूची इजा भरून येत नाही. मागे तोंड करण्याची मर्यादा संपली हे दोन गोष्टींवरून ओळखायचे. एक, पुस्तिकेत त्या दिशेसाठी दिलेले वजन किंवा उंची ओलांडली गेली. दुसरी, डोक्याचा माथा सीटच्या वरच्या कडेपासून सुमारे अडीच सेंटिमीटरच्या आत आला. अकरा महिन्यांच्या आणि पावणेनऊ किलोंच्या मुलीला तिथे पोहोचायला अजून पुष्कळ अवकाश आहे.

पुढच्या आसनाबद्दल तुम्ही विचारलेत ते फार बरे केलेत, कारण तिथली चूक जिवावर बेतू शकते. समोरची एअरबॅग पापणी लवायच्या आत प्रचंड जोराने फुगते. मागे तोंड करून बसवलेल्या बाळाच्या सीटची पाठ नेमकी तिच्यासमोर, अगदी जवळ असते, आणि पाठीमागेच बाळाचे डोके. काही गाड्यांत शेजारची एअरबॅग बंद करण्याची किल्ली असते, पण ती बंद केली आहे याची आठवण दर वेळी राहीलच याची हमी कोण देणार? म्हणून पुढचे आसन विसरूनच जा. एकटीने ऐरोलीला जाताना मुलीचा चेहरा दिसत नाही ही तुमची अडचण खरी आहे. मागच्या आसनाच्या डोके टेकायच्या भागाला पट्ट्याने घट्ट बसणारा, न फुटणारा हलका आरसा लावता येतो. मात्र त्यात पाहत गाडी चालवायची नाही, सिग्नलला थांबल्यावर एक नजर टाकायची. ती फारच रडू लागली तर मुलुंड-ऐरोली पुलावर चढण्याआधी सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्या. पुलावर किंवा द्रुतगती मार्गाच्या कडेला थांबणे तिच्या रडण्यापेक्षा जास्त धोक्याचे आहे.

सीट कुठे लावावी? मागच्या आसनाचा मधला भाग बाजूच्या धडकेपासून दूर असतो, पण बऱ्याच गाड्यांत तिथे आयसोफिक्सची, म्हणजे कार सीट अडकवायची, कडी नसतात आणि जुन्या गाड्यांत तर फक्त कमरेचा पट्टा असतो. अशा वेळी मागची डावी बाजू घ्यावी, म्हणजे मुलीला उतरवताना तुम्ही फुटपाथच्या बाजूला उभ्या असाल, घोडबंदरच्या वाहत्या रहदारीत नव्हे.

लावण्याच्या पद्धती दोन आहेत, आणि दोन्ही नीट केल्या तर सारख्याच चांगल्या. तुमची गाडी अलीकडची दिसते, तेव्हा मागच्या आसनाची पाठ आणि बैठक यांच्यामधल्या फटीत बोटे घालून पाहा. तिथे धातूची दोन कडी लागतील, त्यांना आयसोफिक्स म्हणतात. आयसोफिक्सची सीट असेल तर तिचे दोन्ही हात त्या कड्यांत खट्‌कन बसले पाहिजेत आणि दोन्ही खुणा हिरव्या दिसल्या पाहिजेत. तिला खाली टेकणारा पाय असेल तर तो गाडीच्या फरशीवर पक्का टेकलेला असावा. पायाखाली सामानाचा कप्पा असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असल्याशिवाय पाय त्यावर टेकवू नये. सीट बेल्टने लावायची सीट असेल तर पट्टा कुठून न्यायचा हे सीटवरच रंगाने दाखवलेले असते. आर ४४च्या सीटवर निळ्या खुणा मागे तोंड करण्यासाठी आणि लाल खुणा पुढे तोंड करण्यासाठी असतात. निळ्याच्या जागी लाल वाट धरली की सगळेच बिघडते. पट्ट्याला पीळ नसावा, आणि गाडीचे बकल सीटच्या कडेवर अडकून वाकलेले नसावे, कारण जोराच्या झटक्यात ते तिथेच तुटू शकते.

आणि मग घट्टपणा. सीट असलेल्या घरांतही ती बऱ्याचदा सैल असते, आणि सैल सीट पुढे सरकून जाते, म्हणून या एका गोष्टीवर वेळ घालवा. सीटमध्ये हाताने किंवा गुडघ्याने भार द्या, आसनाचा फोम खाली दबू द्या, आणि त्याच वेळी पट्ट्यातली सगळी ढिलाई ओढून काढा. मग भार काढून, जिथून पट्टा जातो त्याच जागी सीट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवून पाहा. तिथे ती अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. मागे तोंड केलेल्या सीटचे वरचे टोक थोडे हलले तर ते चालते. पट्ट्याच्या जागचे हलणे चालत नाही. सीटचा कलही पाहा. तिच्यावर त्यासाठी रेघ किंवा पातळी दाखवणारी खूण असते. फार उभी असेल तर झोपलेल्या बाळाचे डोके पुढे लोंबून श्वास अडखळू शकतो, फार आडवी असेल तर धडकेत बाळ वर सरकते.

सीट घट्ट झाली की मुलीचे पट्टे. मागे तोंड करून बसवताना खांद्यावरचे पट्टे खांद्यांच्या पातळीत किंवा किंचित खालून निघालेले असावेत. बकल लावून पट्टा ओढा आणि गळपट्टीच्या हाडाजवळ पट्ट्याची उभी चिमूट घेऊन पाहा. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर तो सैल आहे, पुन्हा ओढा. चिमूट निसटली तर ठीक. मुलीला दुपट्यात गुंडाळून, कुंची घालून किंवा जाड स्वेटर चढवून बांधू नका. धडकेत ते कापड दबते, पट्टा एकदम सैल होतो आणि बाळ त्यातून निसटू शकते. एसी गार वाटत असेल तर आधी पट्टे लावा आणि मग वरून पातळ पांघरूण घाला. पाठीमागे उशी, मानेखाली बाजारातली गादी, पट्ट्यांवर दुकानातून आणलेले मऊ आवरण, असे काहीही सीटबरोबर आलेले नसेल तर लावू नका, मग ते कितीही गोंडस दिसो.

रडण्याबद्दल. काही मुलांना बांधून घेणे मुळीच आवडत नाही आणि त्यांचे रडणे ऐकत राहणे आईला फार जड जाते, हे मला कळते. पहिल्यांदा कारण शोधा. पट्टा मांडीत रुततो का, ऊन थेट डोळ्यांवर येते का, बकल तापले आहे का? एप्रिल-मेमध्ये उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीतले बकल आणि प्लास्टिक चांगलेच तापते. बसवण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहा आणि गाडी उभी असताना सीटवर पांढरे कापड टाकून ठेवा. काही दिवस नवी सीट घरात जमिनीवर ठेवून तुमच्या नजरेसमोर मुलीला तिच्यात थोडा वेळ खेळू द्या, गाडीतल्या पहिल्या फेऱ्या मानपाड्यापर्यंत एवढ्याच छोट्या ठेवा, आणि दुसरे कोणी गाडी चालवत असेल तेव्हा तुम्ही तिच्याशेजारी बसा. पण गाडी चालू असताना, "एकदाच, पाच मिनिटे" म्हणूनही, तिला पट्ट्यातून बाहेर काढू नका. अंगावर पाजायचे असेल तर गाडी थांबवून पाजा.

ती सीटमध्ये झोपली तर प्रवासात झोपू द्या, मात्र घरी पोहोचल्यावर झोपमोड होईल म्हणून तिला सीटसकट तशीच ठेवू नका, गादीवर उताणी झोपवा. आणि भाजी घेऊन येईपर्यंत म्हणूनही तिला बंद गाडीत एकटी ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतले तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने चढते आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

नाशिकच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी थांबा. शहापूरला किंवा कसारा घाट चढून इगतपुरीला मुलीला बाहेर काढून पाय मोकळे करू द्या, आणि निघताना चिमटीची चाचणी पुन्हा करा. दिवाळीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची. फराळाचे स्टीलचे डबे मागच्या काचेजवळच्या फळीवर किंवा मुलीच्या शेजारी मोकळे ठेवू नका. धडकेत तेही त्याच १४ पट जोराने पुढे येतात. ते डिकीत, खाली आणि घट्ट रचलेले असू द्या.

सासूबाईंशी वाद घालण्याने फार साधणार नाही. त्यांना या कामात घ्या. गाडीत बसल्यावर पट्ट्याची चिमूट घेऊन पाहण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा; नातीचा पट्टा आजीने तपासल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही, असे ठरवून टाका. पुढच्या लसीच्या वेळी त्यांना बरोबर न्या आणि मांडीचा प्रश्न बालरोगतज्ज्ञांना त्यांच्यासमोरच विचारा. त्यांनी स्वतःही मागे बसताना सीट बेल्ट लावायलाच हवा, कारण पट्टा न लावलेला मोठा माणूस धडकेत शेजारच्या मुलावर किंवा पुढच्या आसनावर आदळतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. त्या दोघांचाही त्यात मृत्यू झाला. मागचे आसन आपोआप सुरक्षित असते, हा समज आता तरी सोडायला हवा. कायद्याचेही सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या १९४ब या कलमानुसार १४ वर्षांखालील मूल सीट बेल्टने किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा आसनाने बांधलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड आहे.

आता नणंदेची सीट. डिकीचे दार बदलावे लागण्याइतकी धडक किरकोळ म्हणता येत नाही. अशा धडकेत सीटच्या कवचाला आतून तडे गेलेले असू शकतात, पट्ट्यांचे धागे ताणलेले असू शकतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. दुसरे म्हणजे वय. उन्हात तापणारे प्लास्टिक कमकुवत होत जाते, म्हणून उत्पादक सीटवरच तयार केल्याची तारीख छापतात आणि साधारणपणे सहा ते दहा वर्षांची मुदत देतात. नऊ वर्षे जुनी आणि धडक सोसलेली सीट, ही दोन कारणे मला पुरेशी वाटतात.

नवी घेताना अगदी तान्ह्या बाळांची पाळण्यासारखी सीट घेऊ नका, मुलगी ती लवकरच ओलांडेल. मागे तोंड करून किमान १३ किलोपर्यंत, मिळाल्यास १८ किलोपर्यंत बसवता येईल अशी, पुढे दिशा बदलता येणारी सीट पाहा. लेबलावर आपल्याकडचे एआयएस-०७२ हे मानक किंवा वर्तुळातले ई अक्षर आणि आर ४४/०४ अथवा आर १२९ अशी नोंद असल्याशिवाय पैसे देऊ नका. स्वस्तात मिळणाऱ्या, आसनाला नुसत्या नाड्यांनी बांधायच्या कापडी 'सीट' घेऊ नका. दुकानदाराला सांगून सीट तुमच्याच गाडीत बसवून पाहा. काही गाड्यांत ती मागे कलली की पुढच्या आसनावर बसायला जागाच उरत नाही. पुढे कधी तरी तिची दिशा बदलाल तेव्हा वरचा तिसरा पट्टा, म्हणजे टॉप टेदर, असेल तर तो अवश्य लावा. त्यानंतर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारे आसन, येईल, आणि मुलगी शाळेत जाऊ लागल्यावरही तो, गाडीचा पट्टा मानेऐवजी खांद्यावरून आणि पोटाऐवजी कमरेच्या हाडांवरून नीट जाईपर्यंत, साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत, ठेवावा लागेल.

नणंदेला वाईट वाटू नये म्हणून धडकेचे कारण त्यांना मोकळेपणाने सांगा. ती सीट मात्र आणखी कोणाला देऊ नका आणि तशीच भंगारातही टाकू नका. भंगारातून उचलून ती पुन्हा विकली जाऊ शकते. आधी तिचे सगळे पट्टे कात्रीने कापा, कापडी आवरण काढून टाका आणि कवचावर ठळक अक्षरांत "अपघातग्रस्त, वापरू नये" असे लिहा, मगच ती भंगारवाल्याला द्या.